‘ढ’चे सहा ठिपके

एका शर्टाला अकरा बटणं लागतात. पुढची सात, बाह्यांची चार. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण साडेचार वर्षं मी आमचं कर्ज बटणांत मोजलं. पोरं झोपली की शर्टांचा गठ्ठा सोडायचा आणि तीस शर्ट होईपर्यंत उठायचं नाही. म्हणजे रात्रीची ३३० बटणं. त्या हिशेबाने सावकाराचं महिन्याचं नुसतं व्याज ११ रात्रींचं होतं. मुद्दल जिथल्या तिथे.

ह्यांचा छपाईचा लहानसा धंदा होता, भागीदारीत. भागीदाराने एक दिवस तीन मोठ्या कामांची आगाऊ रक्कम उचलली आणि तो गेला. कुठे गेला ते आजही माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायची हौसही राहिली नाही. मशीनचं कर्ज ह्यांच्या नावावर, कागदाची उधारी ह्यांच्या शब्दावर, आणि पैसे देऊन काम न मिळालेली गिऱ्हाइकं आमच्या दारात. मशीन विकलं ते भंगाराहून जरा बऱ्या भावाने. हे दुसऱ्याच्या छापखान्यात कामाला लागले. कालपर्यंत ज्याच्याशी धंद्याच्या गप्पा मारायचे, त्याच्याच हाताखाली. मी बारावी झालेली. शिवण येत होतं, पण शिलाई मशीन आधीच विकून झालेलं. मग उरलं हाताने करायचं काम, काज-बटण.

गरिबी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रिकामे डबे येतात. मला आवाज आठवतात. आधी बेल वाजायची. वैतागून ह्यांनी बेलची वायर काढून टाकली. मग लोक दार ठोठावायला लागले, आणि प्रत्येकाची ठोठावायची तऱ्हा वेगळी. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. वहीतून मान वर न काढता ती कुजबुजायची, “कागदवाले काका.” किंवा, “नवीन आहे कोणीतरी.” आणि आम्ही चौघं श्वास रोखून बसायचो. मुलगा सात वर्षांचा. त्याला हळू बोलायची इतकी सवय लागली की शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, ह्याचा आवाज का निघत नाही? मी म्हटलं, घसा धरलाय. चार महिने त्याचा घसा धरलेलाच होता.

खोटं बोलायला मी फार लवकर शिकले. बहिणीकडून औषधाला म्हणून पैसे आणले आणि थकलेलं भाडं भरलं. मुलीच्या गल्ल्यातले काढले, परत ठेवीन म्हटलं आणि विसरले. विसरले नव्हते. म्हणून ‘गरिबीने मला घडवलं’ असं माईकवर सांगणारी माणसं दिसली की मला जरा अवघडल्यासारखं होतं. खरं सांगत असतील ते. मला मात्र तिने जे जे शिकवलं, त्यातलं बरंचसं पुढे विसरायला फार कष्ट पडले.

बाहेर पडायची सुरुवात एका वहीने झाली, आणि त्यात माझं काही शहाणपण नव्हतं. ह्यांना ताप होता. एकाच दिवशी तीन माणसं येऊन गेली आणि कोणाला काय कबूल केलंय ते मला आठवेना. दोघांना एकच तारीख देऊन बसले होते. रात्री मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून शिवली आणि एकेकाचं नाव लिहीत गेले. चौदा नावं निघाली. आम्ही दोघं आठ-नऊ धरून चाललो होतो.

बेरीज केली त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या रात्री आली, आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ. आकडा मोठा होता. पण आता तो एक आकडा होता, छातीवर बसलेलं भलतंच काही नव्हतं.

मग व्याजाकडे वळले. सावकार नेहमी ‘फक्त तीन टक्के’ म्हणायचा. महिन्याला तीन. शाळेत मी गणितात कच्ची. कच्ची कसली, सरांच्या शब्दांत ‘ढ’. त्यामुळे तीन हा आकडा मलाही गरीबच वाटायचा. वहीच्या मागच्या पानावर मी शंभरापासून मांडत गेले, व्याज थकलं आणि ते मुद्दलात धरलं तर काय होईल ते. पहिल्या महिन्याला १०३, दुसऱ्याला १०६ आणि वर थोडे पैसे. बाराव्या महिन्याला १४२ च्या वर गेले. चोविसाव्या महिन्याला २०३ झाले. तीन-चार वेळा परत करून बघितलं, माझंच चुकलं असेल म्हणून. नव्हतं चुकलं. दोन वर्षांत दुप्पट, आणि आम्ही मात्र ज्याचं दार जास्त जोरात वाजेल त्याला आधी देत होतो.

त्या दिवसापासून क्रम बदलला. ज्याचं व्याज जास्त, त्याला आधी. बिनव्याजी नातेवाइकांकडे मी स्वतः गेले, वही दाखवली आणि सांगितलं, तुमचे सगळ्यांत शेवटी येतील, पण येतील. दोघांनी संबंध तोडले, एका मामांनी वहीवर सही केली. का केली ते त्यांनाच ठाऊक. एकच अपवाद ठेवला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून घेतलेली रक्कम सगळ्यांत लहान आणि बिनव्याजी होती, तरी ती मी आधी फेडली. गणिताने ते चूक होतं. पण त्यांच्या दारावरून मला दिवसातून चार वेळा जावं लागायचं, आणि जिना उतरताना मान वर ठेवता येण्याची किंमत माझ्या त्या मागच्या पानावर कुठे मांडता येत नव्हती.

दुसऱ्या वर्षी ह्यांचा हात कटिंग मशीनखाली गेला. दोन बोटं गेली. सहा आठवडे पगार नाही, वर दवाखाना. सावकाराचं नाव मी नुकतंच खोडलं होतं. ते परत लिहावं लागलं, त्याच पानावर, खोडलेल्या नावाच्या खाली. त्यानंतरचे तीन महिने मी वही उघडलीच नाही. ते महिने मी इथेही उघडत नाही.

ज्या शिंप्यासाठी मी बटणं लावायचे, त्याच्या दुकानाच्या जिन्यात एक चिठ्ठी लागली होती. ‘वाचून दाखवणारी व्यक्ती हवी. एम. ए. मानसशास्त्र. तासाप्रमाणे पैसे.’ मी ती तीन दिवस येता-जाता वाचली. चौथ्या दिवशी गठ्ठा खाली ठेवला आणि वर गेले.

मुलगी बावीस वर्षांची, जन्मापासून दिसत नव्हतं. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “कुठूनही वाचा.” मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला तिने हात वर केला.

“काकू, तुम्ही स्वल्पविराम गिळताय.”

परत वाचलं. परत थांबवलं. “कंस आला तर ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ म्हणायचं. आणि घाई कसली आहे तुम्हाला?”

मला घाई होतीच. घरी शर्ट पडले होते. निघताना मी पैशांचं विचारायला तोंड उघडलं आणि लाज वाटली, आंधळ्या मुलीकडून पैसे घ्यायचे म्हणून. ते तिला कसं कळलं कोण जाणे, माझा श्वास अडकला असेल. ती म्हणाली, “पैसे घ्यायचेच काकू. आधी चार जणी फुकट यायच्या. पुण्य मिळवायला. महिनाभरात बंद झाल्या. आणि फुकट येणाऱ्या माणसावर रागावता येत नाही हो. तुम्हाला पैसे दिले म्हणजे मला तुमच्या चुका काढता येतील.”

त्या दोन वर्षांत माझ्याशी पैशांबद्दल इतकं सरळ कोणीच बोललं नव्हतं.

हिशेब मात्र आतबट्ट्याचा होता. तासाला जे मिळायचं ते ४० बटणांएवढं, आणि तासात माझी ६० बटणं व्हायची. दर तासाला २० बटणांचं नुकसान. हे मी ह्यांना सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही. आठवड्यातून तीनदा जात राहिले. का, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता इतकं कळतं की संध्याकाळी पाच वाजता एका दारावर टकटक करणारी मी असायचे आणि आत कोणी श्वास रोखून बसत नव्हतं. “या काकू” असा आवाज यायचा.

वाचणं हे काम आहे हे मला तिथे कळलं. तक्ता आला तर आधी किती रांगा आणि किती स्तंभ ते सांगायचं, मग आडवं वाचायचं. आलेख आला तर आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेघ चढते की उतरते, आणि मगच आकडे. चित्र आलं की ‘इथे एक चित्र आहे’ म्हणून पळून जायचं नाही. माणसाच्या गरजांचा तो प्रसिद्ध पिरॅमिड आला त्या दिवशीचं आठवतं. मी सांगत होते, तळाला रुंद पट्टी, तिच्यात भूक, तहान, झोप. वर सुरक्षितता. मग आपली माणसं, मग मान, आणि टोकाला अगदी लहानसा त्रिकोण, आत्मसिद्धी. सांगता सांगता मला राग आला. म्हटलं, “म्हणजे खालचं सगळं भरल्याशिवाय वरचं मिळायचंच नाही?”

ती हसली. तिच्या सरांनी, गरजांचा हा क्रम मांडणाऱ्या अब्राहम मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखाची झेरॉक्स दिली होती, इंग्रजीत. पुढचे दहा दिवस मी तो अडखळत वाचला, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यात पिरॅमिडच नाही. तो पुढे दुसऱ्यांनी काढला. उलट मास्लोने स्वतःच लिहून ठेवलंय की गरजांचा हा क्रम वाटतो तितका ताठर नाही. बारावीनंतर एवढ्या वर्षांनी मी इंग्रजीतलं काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि वर त्यातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकापेक्षा मला जास्त माहीत होती. घरी जाताना मी जिन्यात थांबून हसले. शिंपी म्हणाला, “काय झालं?” काय सांगणार? तीस शर्टांचा गठ्ठा उचलला आणि निघाले.

आता माझ्या चुकीचं सांगते. तिच्या परीक्षेआधी आठ दिवस शिंप्याकडे लग्नाची मोठी ऑर्डर आली. दुप्पट मजुरी, दोन दिवसांत काम. त्या संध्याकाळी मी वाचायला गेले नाही. कळवलंही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

“मी दोन दिवस पाच ते सात बसून होते.”

मी ऑर्डरचं सांगितलं. घरची परिस्थिती सांगायला लागले, जी तोवर तिला कधीच सांगितली नव्हती. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग फोन करायचा. तुमची अडचण खरी आहे, काकू. पण माझा वेळही वेळच आहे ना?”

राहिलेल्या प्रकरणावर पेपरात प्रश्न आला. तो तिने सोडून दिला. पास झाली, मार्क कमी पडले. मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मी विचारलं तेव्हा तिने खोटंही सांगितलं नाही. वही सुरू केल्यापासून मी सगळ्यांना देणं लागत होते. त्यातलं हे एकच असं, जे फेडायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी तिच्या अभ्यासात एक संशोधन आलं, २०१३ साली ‘सायन्स’मध्ये छापलेलं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी घेतली होती, एकदा पीक हाती यायच्या आधी आणि एकदा पैसे मिळाल्यावर. माणसं तीच. आधीच्या चाचणीत त्यांची कामगिरी लक्षात येईल इतकी खराब. डोकं तेच, पण ते पैशांच्या विवंचनेत गुंतलेलं. मी वाचताना थांबले. तिने विचारलं, पान संपलं का? मी म्हटलं, नाही गं, एक मिनिट. मला त्या दोघांना दिलेली एकच तारीख आठवली होती. गल्ला आठवला. न केलेला फोन आठवला. तो सगळा माझा मूर्खपणा, माझा स्वभावच खोटा, असं मी धरून चालले होते. संशोधनाने माझी सुटका केली असं नाही म्हणत, फोन करायला दोन मिनिटं लागली असती. पण निदान अर्धा दोष तरी कुठे ठेवायचा ते कळलं.

ब्रेल मी शिकले ती सोयीसाठी. मी वाचलेलं ती ऐकून लिहून घ्यायची, त्यात फार वेळ जायचा. एक दिवस म्हणाली, “तुम्हीच टोचा ना. सुईवर हात बसलाय तुमचा.”

लुई ब्रेलची गोष्ट तिने पहिल्याच दिवशी सांगितली. १८०९ मध्ये फ्रान्समधल्या कूव्रे गावात जन्म, बाप घोड्यांचे साज शिवणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात हत्यार डोळ्यात घुसलं, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, ह्या पोराने सहा ठिपक्यांची लिपी बसवली. ती त्याच्या स्वतःच्या शाळेने अधिकृतपणे मान्य केली १८५४ साली. तो १८५२ मध्येच वारला होता. “आणि टोचायचं हत्यार बघा,” म्हणत तिने माझ्या हातात स्टायलस दिला. लाकडी मुठीचा, बोथट टोकाचा आखूड दाभण. चामडं शिवणाऱ्याच्या घरात शोभेल असाच.

ब्रेल लिहायच्या पाटीला दोन पत्रे असतात, मध्ये जाड कागद घालायचा. वरच्या पत्र्यात ओळीने छोटी छोटी घरं, प्रत्येक घरात सहा जागा. डाव्या रांगेत वरून खाली एक-दोन-तीन, उजवीत चार-पाच-सहा. सोपं वाटतं. पण टोचलेला ठिपका मागच्या बाजूला वर येतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. कागद पालटला की सरळ. पहिला शब्द मी ‘बटण’ घेतला, दुसरं काय सुचणार? ब म्हणजे एक-दोन, ट म्हणजे दोन-तीन-चार-पाच-सहा, ण म्हणजे तीन-चार-पाच-सहा. तीन घरं, अकरा टोचे. अकरा! कागद पालटून तिच्या हातात दिला. तिने बोट फिरवलं आणि खो खो हसत सुटली. मी डावीकडून उजवीकडे टोचलं होतं, तिच्या बोटाखाली सगळंच आरशातलं आलं होतं.

देवनागरी लिहिणाऱ्याला ब्रेलमध्ये मजा येते. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण उच्चार नंतर करतो. ब्रेल उच्चाराच्या क्रमाने चालते, आधी क, मग वेलांटी. जोडाक्षरात मात्र उलट, पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधीच येते. सहा ठिपक्यांच्या ६३ आकृत्या होतात, त्यांत आपली बाराखडी, अंक, विरामचिन्हं सगळं बसवलेलं. चूक झाली तर खोडता येत नाही. ठिपका नखाने दाबून बसवायचा, तरी बोटाला तो थोडा लागतोच.

अक्षरं पाठ करताना मी ‘ढ’वर आले. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. सहाच्या सहा ठिपके. घर पूर्ण भरलेलं.

“हे बरोबर आहे का गं?” मी विचारलं.

“हो, ढ फुल असतो. का?”

शाळेतलं सांगितलं तिला. ती म्हणाली, “तुमच्या सरांना ब्रेल येत नव्हती.”

डोळ्यांनी मी दोन महिन्यांत वाचायला लागले, तिरपा उजेड पाडून, ठिपक्यांच्या सावल्या बघून. बोटांनी मात्र काही केल्या कळेना. दोन ठिपक्यांत जेमतेम अडीच मिलिमीटरचं अंतर, आणि माझ्या बोटांच्या टोकांवर सुईने घट्टे पडलेले. तिने माझी तर्जनी हातात धरून चाचपली आणि निकाल दिला, “बथ्थड झालंय. राहू दे, डोळे आहेत ना.”

सुईचा उपयोग वेगळ्या बाबतीत झाला. सगळे ठिपके सारख्याच दाबाचे यायला हवेत. कमी दाबला तर लागत नाही, जास्त दाबला तर कागद फाटतो. बटण लावताना दोरा किती ओढायचा ते जसं हाताला कळतं, तसंच हे. सहा महिन्यांत तिच्या मैत्रिणींची कामं यायला लागली. मग एका ठिकाणी बोलावणं आलं, तिथे तीन महिने ‘सेवा’ म्हणून राबवून घेतलं आणि शेवटी पुष्पगुच्छ दिला. सावकार परवडला, तो निदान टक्के तरी तोंडावर सांगायचा. तिथून निघाले आणि तिच्याच ओळखीने एका ब्रेल छापखान्यात लागले, पगारावर.

इथे मजकूर कॉम्प्युटरवर चढतो आणि मशीन ठिपके उठवतं. पण तपासायला माणसंच लागतात, आणि ती जोडीने बसतात. न दिसणारा बोटांनी ब्रेलचं पान वाचतो, दिसणारा समोर मूळ पुस्तक धरून मोठ्याने वाचतो. फरक आला की दोघं थांबतात. मी मोठ्याने वाचणारी. कंस सुरू, कंस पूर्ण. ह्यांना एकदा आमचा छापखाना बघायला नेलं. सगळा जन्म छपाईत गेलेला माणूस. मशीनभोवती दोनदा फिरले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “शाई नाही, वास नाही, हा कसला छापखाना?” मग निघताना रद्दीतलं एक पान उचलून उरलेल्या तीन बोटांनी चाचपत राहिले. घरी आलं तरी ते पान खिशातच होतं.

शेवटचं नाव वहीतून खोडलं ती दुपार अगदी साधी होती. मामांचे पैसे होते. ते म्हणाले, “बस, पाणी घे,” आणि पावती लिहायला लागले, मी नको म्हणत असताना. घरी येऊन मी वही माळ्यावर टाकली. त्या रात्री पोरं झोपल्यावर सवयीने सुई-दोरा घेऊन बसले, आणि शर्टच नव्हते. अर्धा तास तशीच बसले. मग ह्यांच्या शर्टाची पक्की असलेली बटणं उसवून परत लावली. बेलची वायर जोडायला आम्हांला आणखी दोन महिने लागले. पहिल्यांदा वाजली तेव्हा मुलगा दचकला आणि मुलीने दार उघडलं.

जिला मी वाचून दाखवायचे ती मुलगी आता शिकवते. माझ्यावर अजून रागावते, पैसे देत नसली तरी.

बटणं सुटून वर्ष होऊन गेलं तेव्हाची गोष्ट. घरी तपासायला आणलेले गठ्ठे टेबलावर होते आणि रात्री दिवे गेले. अंधारात बसल्या बसल्या मी वरच्या पानावर बोट ठेवलं, काही मनात न धरता. एक उभी जोडी लागली, वर एक ठिपका, खाली एक, मधली जागा रिकामी. क. मला वाटलं भास आहे. परत मागे आले. क. पुढच्या घरात दोन तिरपे ठिपके. वेलांटी. आता गोम अशी की पहिली आणि दुसरी वेलांटी आकाराने अगदी एकसारखी, दुसरी फक्त एक पायरी खाली सरकलेली. दोन-चार आणि तीन-पाच. शेजारच्या अक्षराशी ताडूनच कळतं. मी क वर बोट ठेवलं, मग वेलांटीवर, परत क वर. चार-पाच वेळा तसं केलं. तिरप्या जोडीतला उजवा ठिपका क च्या वरच्या ठिपक्याच्या रेषेत लागत होता. म्हणजे पहिली. ‘असे दिसते कि’ असं काहीतरी वाक्य असणार. तिथे दुसरी हवी.

दिवे येईपर्यंत बोट तिथेच ठेवलं, जागा हरवू नये म्हणून. दिवे आल्यावर आधी पान बघितलं. कि, पहिली. मग पेन्सिल शोधली आणि चुकांच्या यादीत लिहिलं: पान ११२, ओळ ४.